उघड्या तोंडाचे मूल

मराठी भाषेने नाकाला जितका मान दिला आहे, तितका देहातील दुसऱ्या अवयवास क्वचितच दिला असेल. घराण्याची अब्रू गेली म्हणजे नाक कापले जाते; मानी मनुष्य नाकावर माशी बसू देत नाही; सरळ मनुष्य नाकासमोर चालतो; रुसलेल्या जावयाच्या नाकदुऱ्या काढाव्या लागतात; आणि संसाराच्या खटाटोपात गृहिणीच्या नाकी नऊ येतात. परंतु या सर्व वाक्प्रचारांतले नाक म्हणजे चेहऱ्यावरचे, चारचौघांस दिसणारे टोक होय. त्याच्या मागे टाळूच्या वरून थेट घशापर्यंत पसरलेले जे खरे नाक, त्याची आठवण आपणांस पडसे झाले म्हणजेच होते, आणि पडसे गेले की तीही जाते. त्या आतल्या नाकाची व त्यास लागून असलेल्या घशाची ओळख वाचकांस करून द्यावी, असे आम्ही या महिन्यात योजिले आहे. ही ओळख नसल्यामुळे पुष्कळ घरांत एखाद्या निरपराध मुलास ‘मठ्ठ’ ही पदवी मिळते, आणि ती त्यास दीर्घकाळ चिकटून राहते.

बाहेरच्या नाकाची चिंता आपल्या लोकांनी किती वाहिली आहे, याचा एक दाखला प्रसिद्ध आहे. १७९२ च्या टिपूबरोबरील युद्धात इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा टिपूच्या हाती सापडला. टिपूने त्याचे नाक व एक हात कापून त्यास सोडले. पुढे पुण्याजवळच्या एका विटा घडविणाऱ्या कारागिराने त्याच्या कपाळावरील त्वचेतून त्यास नवे नाक करून दिले. ही हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये छापली गेली; ती वाचून तेथील कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने १८१४ साली ही क्रिया स्वतः केली, आणि युरोपात या विद्येचा पुन्हा आरंभ झाला. बाहेरचे नाक गेले तर ते नवे घडविण्याइतकी कळकळ ज्या देशात होती, त्याच देशात आतले नाक बुजले तर मात्र “वाहू दे, मोठा झाला म्हणजे आपोआप थांबेल” एवढ्यावर विषय संपतो, हे नवल नव्हे काय?

आता आत शिरू. नाकपुड्यांच्या आरंभी जे राठ केस असतात, ते देवडीवरच्या पहारेकऱ्यांसारखे होत. मोठी धूळ, किडे, काडीकचरा यांस ते तेथेच अडवितात. पुढे एक उभा पडदा नाकाचे दोन भाग करतो. प्रत्येक भागाच्या बाहेरील भिंतीवर एकाखाली एक अशा तीन वळलेल्या पन्हाळी असतात. शिंपल्याच्या आकारावरून शास्त्रज्ञांनी त्यांस ‘शुक्तिका’ असे सुंदर नाव दिले आहे. या वळणांमुळे आत आलेली हवा सरळ धावू शकत नाही. तिला ओल्या व उबदार भिंतींना घासत जावे लागते. भिंतींवर श्लेष्म्याचा पातळ थर असतो आणि त्याखाली डोळ्यांस न दिसणाऱ्या केसरांचे रान असते. हे केसर सेकंदास दहा-पंधरा वेळा हलतात आणि अडकलेल्या धुळीसह तो थर मिनिटास पाच-सहा मिलिमीटर या गतीने घशाकडे सारीत नेतात. तेथून तो नकळत पोटात जातो व जठरातील आम्लात त्याचा निकाल लागतो. ज्यास आपण शेंबूड म्हणून नाक मुरडतो, तो वस्तुतः या घराचा अहोरात्र राबणारा झाडूवाला आहे.

प्रौढ मनुष्य दिवसाकाठी सुमारे १०,००० लिटर हवा आत घेतो. नांदेडला वैशाखात पारा ४२ अंशांच्या वर चढतो आणि पौषातल्या पहाटे तो १० अंशांच्या आसपास उतरतो. पण फुप्फुसे इतकी नाजूक की त्यांस दोन्ही टोके सोसत नाहीत. म्हणून तापलेली हवा निवविणे, गारठलेली ऊन करणे आणि कोरडी ओली करणे, ही तिन्ही कामे नाक घशापर्यंतच्या चार बोटांच्या वाटेत उरकते. श्वासावाटे रोज पाव ते अर्धा लिटर पाणी देहाबाहेर जाते. लातुरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या दुष्काळी दिवसांतही तेथील प्रत्येक माणसाचे नाक हवा भिजविण्यासाठी आपल्या वाट्याचे पाणी खर्च करीतच होते. या देण्यात त्यास काटकसर करता येत नाही.

नाकाच्या छताशी गंधाचे ज्ञान घेणारा लहानसा पट्टा असतो. त्याची किंमत काय, हे २०२० च्या साथीत ज्यांची गंधशक्ती गेली त्यांस पुरते कळले. फोडणीचा वास नाही म्हणजे जेवण नुसते पोट भरणे होते. याखेरीज कपाळ, गाल, दोन डोळ्यांमधील जागा आणि त्यामागील खोल हाड यांत पोकळ्यांच्या चार जोड्या असून त्या सर्व नाकात उघडतात. पैकी गालातील पोकळी सर्वांत मोठी. पण तिचे दार तळाशी नसून वर असते, आणि म्हणून तेथे साचलेला द्रव सहज वाहून जात नाही. सर्दी बरी झाल्यावरही गाल व कपाळ ठणकत राहते, त्याचे एक कारण हे होय.

आणखी एक गोष्ट सांगून पुढे जाऊ. निरोगी मनुष्याच्याही दोन्ही नाकपुड्या बहुधा एकाच वेळी सारख्या वाहत नाहीत. एका बाजूच्या शुक्तिका किंचित फुगतात, दुसरीकडच्या आक्रसतात, आणि काही तासांनी हा क्रम उलटतो. जर्मनीतील कायझर याने १८९५ साली याचे वर्णन केले. आपल्याकडील योगमार्गी लोकांनी इडा व पिंगला या नावांनी या पालटाची दखल फार पूर्वीच घेतली होती. यास्तव कधी एक नाकपुडी जड वाटली तर घाबरण्याचे कारण नाही. दोन्ही बुजलेल्या आणि त्याही नित्य, हे मात्र निराळे लक्षण होय.

नाकाच्या मागे घसा लागतो. त्याचे तीन मजले कल्पावे. वरचा मजला नाकाच्या मागे, मधला तोंडाच्या मागे, आणि खालच्या मजल्यावर दोन वाटा फुटतात : पुढे स्वरयंत्र व श्वासनळी, मागे अन्ननळी. हवा व अन्न यांच्या वाटा येथे एकमेकींस छेदतात. घास गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावर एक झाकण पडते आणि श्वास क्षणभर थांबतो. नेमक्या त्याच क्षणी बोलणे वा हसणे झाले की ठसका लागतो. आपल्या घरांत जेवताना मौन पाळण्याचा प्रघात होता, त्यास हाही एक आधार आहे. लहान मुलास पळता-पळता शेंगदाणे वा फुटाणे देऊ नयेत, तेही याच कारणास्तव.

ही सर्व रचना केवळ श्वासासाठी नाही, वाणीसाठीही आहे. १८५४ साली गार्सिया नावाच्या गानशिक्षकाने लहानसा आरसा घशात धरून स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल डोळ्यांनी पाहिली. परंतु कंठ उघडा असता श्वास व मिटता असता नाद उत्पन्न होतो, आणि त्यावरून व्यंजनांत अघोष व घोष असा भेद पडतो, हे आपल्या प्रातिशाख्यकारांनी आरशावाचून केवळ कान आणि अनुभव यांच्या बळावर ओळखले होते. ङ, ञ, ण, न, म हे अनुनासिक वर्ण उच्चारताना तोंडाची वाट मिटते व हवा नाकाने बाहेर पडते. वाचकांनी नाक चिमटीत धरून ‘म’ म्हणून पाहावे. तो ‘ब’ होतो, आणि ‘न’ चा ‘द’ होतो. ज्या मुलाचे नाक सदा बुजलेले असते, ते मामांस ‘बाबा’ म्हणते आणि नानांस ‘दादा’. एकत्र कुटुंबात याचे हसू होते खरे. पण ते हसू ओसरल्यावर कोणी त्या मुलाचे नाक पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे.

कारण घशाच्या त्या वरच्या मजल्यावर दोन महत्त्वाच्या वस्तू शेजारी शेजारी आहेत. एक म्हणजे ॲडिनॉइड नावाची मऊ गाठ. आत येणाऱ्या रोगबीजांची ओळख देहास करून देणे हे तिचे काम असून ती लहानपणी, विशेषतः तीन ते सात या वयात मोठी असते व पुढे आपोआप आक्रसते. दुसरी म्हणजे घशातून मधल्या कानाकडे जाणाऱ्या नळीचे तोंड. या नळीने कानाच्या पडद्यामागे हवा पोहोचते. आपण गिळतो वा जांभई देतो तेव्हा कानात ‘टक्’ असा आवाज होतो, तो तिच्या उघडण्याचा. ही गाठ वाजवीहून फुगली म्हणजे दोन अनर्थ होतात. नाकाची मागची वाट बुजून मूल तोंडाने श्वास घेऊ लागते. आणि शेजारच्या नळीचे काम बिघडून पडद्यामागची हवा आटते व तेथे चिकट द्रव साचतो. पडदा मोकळेपणी हलत नाही, आणि मुलास ऐकू कमी येते. डेन्मार्कच्या राजधानीतील विल्हेल्म मायर या वैद्याने १८६८ साली नाक बुजणे, तोंड उघडे राहणे आणि ऐकू कमी येणे यांची ही सांगड या गाठीशी घालून दाखविली.

हे बहिरेपण मोठे कपटी असते. त्यात बहुधा कान दुखत नाही, वाहत नाही, तापही येत नाही. ते पूर्णही नसते; जवळचे ऐकू येते, लांबचे पुसट होते. शिवाय ते कमीअधिक होते. उन्हाळ्यात बरे, पावसाळ्यात व थंडीत वाईट. त्यामुळे घरची माणसे म्हणतात, “खाऊचे नाव काढले की बरे ऐकू येते! हा सारा कामचुकारपणा आहे.” शाळेत मागच्या बाकावर बसलेल्या या मुलास शुद्धलेखन अर्धेच ऐकू येते, आणि अर्धे ऐकलेले पुरे चुकते.

आमची नोकरी नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या गावी झाली. त्यांपैकी एका शाळेतला एक मुलगा आम्हांस चांगला आठवतो. तोंड अर्धवट उघडे, ओठ सुकलेले, डोळ्यांवर झापड. वडील त्यास मठ्ठ म्हणत, वर्गसोबती त्याहून वाईट काही म्हणत. त्याच्या आजीस मात्र एक गोष्ट खटकली. स्वयंपाकघरातून हाक मारली तर तो येत नसे, पण तिचे तोंड समोर दिसत असता सांगितलेले काम एकही चुकत नसे. “पोरगा माझ्या ओठांकडे बघतो, कान देत नाही,” असे ती म्हणे. तिच्या हट्टामुळे त्यास कानाच्या डॉक्टरांकडे नेले. दोन्ही पडद्यांमागे द्रव होता आणि ॲडिनॉइड फार मोठी होती. काही महिने औषध देऊन व वाट पाहून शेवटी शस्त्रक्रिया झाली. परत शाळेत आला त्या दिवशी त्याने वर्गात हात वर करून विचारले, “गुरुजी, हा पंखा रोजच एवढा वाजतो का?” तो पंखा कित्येक वर्षे तसाच वाजत होता.

प्रत्येक उघड्या तोंडामागे ही गाठच असते असे नाही. पुष्कळ वेळा साधे पडसे असते व ते आठ-दहा दिवसांत जाते. काहींस धूळ वा पराग सोसत नाहीत. लातूर ही डाळीची मोठी पेठ. गिरण्यांचा भुसा आणि तूर-सोयाबीनच्या मळणीची धूळ हंगामात हवेत असतेच. त्यात गाजर गवताची भर पडली आहे. या परदेशी तणाची नोंद पुण्यास १९५५ च्या सुमारास झाली, आणि आज त्याच्या परागांनी अनेकांची नाके वाहतात. अशा मुलास पहाटे लागोपाठ शिंका येतात आणि ते तळहाताने नाक वर घासते. आणि जर एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव येत असेल, तर मुलाने हरभरा, मणी वा खडूचा तुकडा आत सारला आहे असे समजावे. हरभरा ओलाव्याने फुगतो. तो घरी चिमट्याने उकरू नये, मागे सरकतो. घड्याळाची वा खेळण्याची चपटी बॅटरी असेल तर घटकाभरही न थांबता रुग्णालय गाठावे. ती आतली त्वचा जाळते.

घरच्या घरी करण्याजोग्या दोन परीक्षा सांगतो. स्टीलची थंड ताटली मुलाच्या नाकाखाली धरावी. तोंड मिटून श्वास सोडला असता तिच्यावर वाफेचे दोन ठिपके उमटावेत. एकच उमटला वा दोन्ही फार लहान, आणि असे अनेक दिवस होत राहिले, तर नाकात अडथळा आहे. दुसरी कानाची. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहून हलक्या आवाजात आंबा, पाटी, चेंडू असे शब्द उच्चारावे व ते त्यास म्हणावयास सांगावे. समोर उभे राहून ही परीक्षा करू नये. मूल ओठ वाचते. परीक्षेत उतरले म्हणून मुळीच दोष नाही असे ठरत नाही. पण न उतरले तर डॉक्टरांकडे न्यावयाचे, हे निश्चित.

आता वडीलधाऱ्या स्त्रियांस नम्रपणे थोडे सांगावयाचे आहे. तान्ह्या बाळास न्हाऊ घालताना त्याच्या नाकात व कानात तेल सोडण्याची चाल अजून घरोघर आहे. तान्हे मूल मुख्यतः नाकानेच श्वास घेते, आणि नाकात सोडलेले तेल घसरून फुप्फुसात गेले तर तेथे सूज येते. शास्त्राचा आधार हवा असेल तर वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील नस्यविधीचा अध्याय पाहावा. सात वर्षांखाली नस्य देऊ नये, असे तेथे स्पष्ट आहे. प्रतिमर्श म्हणून अल्प स्नेहास सवलत आहे खरी, पण ती सवलत म्हणजे बाळाच्या नाकात सोडलेली तेलाची धार नव्हे. आणि आजचे बालवैद्य तर तान्ह्या मुलास थेंबही नको म्हणतात. कापूर लहान मुलाच्या नाकाशी वा हाताशी ठेवू नये. पोटात गेला तर झटके येतात. कान ठणकतो म्हणून ऊन तेल ओतू नये. जलनेती करणाऱ्या मोठ्या माणसांनी पाणी उकळून निववूनच घ्यावे. नाक मोकळे करणारे बाजारी थेंब चार-पाच दिवसांपलीकडे वापरले की उलट नाक अधिकच बुजते. आणि मुले निजतात त्या खोलीत विडी-सिगारेट, मच्छरांची कांडी वा धूप यांचा धूर नसावा. तंबाखूच्या धुरात वाढणाऱ्या मुलांचे कान अधिक बिघडतात, हे सिद्ध झाले आहे.

उपाय आज दूर नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याअन्वये तपासणी पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी शाळेत एकदा यावे, अशी योजना आहे. पथक येईल त्या दिवशी मुलास घरी ठेवू नये, उलट “रात्री घोरतो, तोंड उघडे असते” असे स्वतः सांगावे. नांदेडास विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातुरास विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. दोन्हीकडे कान-नाक-घशाची चिकित्सा होते. शस्त्रक्रियेच्या नावाने कोणी दचकू नये. बहुतेक मुलांस ती लागतच नाही. औषध, काळ आणि लक्ष एवढ्याने भागते. शिक्षकबंधूंसही विनंती आहे की, शंका येताच मुलास पहिल्या बाकावर बसवावे आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नये. यास खर्च काही नाही.

आज रात्री निजानीज झाल्यावर घरातील कोणा वडीलधाऱ्याने मुलांच्या अंथरुणांवरून एक फेरी मारावी. पडसे नसता कोणाचे तोंड उघडे आहे, कोण घोरतो, कोणाचा श्वास घोरता-घोरता मध्येच थांबून दचकल्यासारखा पुन्हा सुरू होतो, कोण मान मागे टाकून निजला आहे, एवढे पाहावे. अशाच तीन-चार रात्री पाहून मनाशी नोंद ठेवावी. श्वास थांबताना दिसला तर दिवस घालवू नयेत. आणि तोवर त्या मुलास ‘मठ्ठ’ म्हणण्याचे घरातील सर्वांनी थांबवावे. त्यास ऐकू कमी येत असेल, तरी हा शब्द त्याच्यापर्यंत पोहोचल्यावाचून राहत नाही.